गिटारवरच्या स्केल बोटांना पाठ आहेत, कानाला नाहीत: शिकवण्याचा क्रम कोणता ठेवावा?

सहावी तार

नमस्कार. नाशिकला आमच्या सोसायटीतील शाळकरी मुलांना मी संध्याकाळी गिटार शिकवतो. त्यांपैकी दोघांनी व्हिडिओ पाहून मेजर स्केलचा एक बॉक्स (पडद्यांवर बोटे ठेवण्याचा ठरलेला साचा) आणि पेंटाटॉनिकचे (पाच स्वरांच्या स्केलचे) पाचही बॉक्स पाठ केले आहेत. मेट्रोनोम लावून ती मुले हे साचे इतक्या सफाईने वर-खाली वाजवतात, की ऐकणाऱ्याला त्यांची तयारी पुष्कळ झाली आहे असेच वाटावे. मात्र घरात नेहमी म्हटली जाणारी एखादी आरती त्याच साच्यातून शोधून वाजवा असे सांगितले, की दोघेही थांबतात. आत्ता बोट ठेवले आहे तो स्वर कोणता आणि तो वाजत असताना खाली कोणती कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) चालेल, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे नाहीत. माझे स्वतःचे शिक्षण गाण्यांना साथ करत झाले असल्याने ही उत्तरे मी हाताने दाखवू शकतो, परंतु ती कोणत्या क्रमाने समजावून सांगावीत हे मला ठरवता आलेले नाही.

तिसरी विद्यार्थिनी गायनाच्या क्लासमधून आली आहे. तिला अलंकार येतात, हार्मोनियमवर बिलावल, काफी आणि भैरवी हे थाट (रागांच्या वर्गीकरणासाठीचे सात स्वरांचे संच) ती ओळखते. गिटारवर ‘सी’ म्हणजेच ‘सा’ असे का नाही, आणि तसे नसेल तर ही अक्षरे शिकायचीच कशासाठी, असा तिचा रास्त प्रश्न आहे. एका पालकांना मुलाला ग्रेडच्या परीक्षेला बसवायचे आहे, त्यामुळे नोटेशनचा (स्वरलेखनाचा) विषयही आज ना उद्या पुढे येणारच.

जाणकारांना विनंती, की स्केलची सुरुवात साच्यांपासून करावी की आणखी कुठून, सरगम आणि अक्षरे यांपैकी प्राधान्य कशाला द्यावे आणि कॉर्डचा संबंध कोणत्या टप्प्यावर जोडावा, याविषयी मार्गदर्शन करावे. डोरियन, मिक्सोलिडियन इत्यादी मोड (पाश्चात्त्य संगीतातले सात स्वरांच्या स्केलचे प्रकार) मुलांना इतक्यात सांगण्यात अर्थ आहे का, हेही कळले तर बरे होईल.

पांढरी चार

ही अडचण गिटारच्या रचनेतूनच येते. हार्मोनियमवर स्वर एका रेषेत डावीकडून उजवीकडे चढत जातात, तर गिटारवर तेच स्वर सहा तारांवर पसरलेले असतात आणि एकच स्वर निरनिराळ्या ठिकाणी सापडतो. बॉक्सपासून सुरुवात केली की बोटांचा नकाशा आधी तयार होतो आणि स्वरांमधली अंतरे कानापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून माझा आग्रह असा, की पहिले काही आठवडे सगळे बॉक्स बाजूला ठेवावेत आणि प्रत्येक स्केल एकाच तारेवर वाजवून घ्यावी.

त्यासाठी चौथी तार, म्हणजे डी, सर्वांत सोयीची आहे. मोकळ्या चौथ्या तारेला ‘सा’ मानले, तर रे दुसऱ्या पडद्यावर, ग चौथ्या, म पाचव्या, प सातव्या, ध नवव्या, नी अकराव्या आणि तार सा बाराव्या पडद्यावर येतो. शेजारची मोकळी पाचवी तार, म्हणजे ए, हा या ‘सा’चा मंद्र पंचम असल्यामुळे अंगठ्याने ती अधूनमधून छेडत राहिले की आधारस्वर आयता मिळतो. मोबाइलवरचा तानपुरा लावायचा असेल तर त्याची पट्टी पांढरी दोन, म्हणजे डी, ठेवावी. आणि एक अट मात्र कसोशीने पाळावी: जो स्वर वाजवायचा, तो आधी गायचा. गळा चांगला नसला तरी चालेल; स्वर अंदाजे का होईना लागला पाहिजे आणि मग बोटाने तो पडताळून पाहिला पाहिजे. हे वगळले तर एक तारही शेवटी आणखी एक बॉक्सच होऊन बसते.

एका तारेवर स्केल वाजवताना मुलांच्या डोळ्यांना दोन गोष्टी दिसतात, ज्या बॉक्समध्ये लपून जातात. पहिली अशी, की ग आणि म यांच्यात तसेच नी आणि तार सा यांच्यात एकाच पडद्याचे अंतर आहे आणि इतरत्र सगळीकडे दोन पडद्यांचे. मेजर स्केलची संपूर्ण व्याख्या एवढ्यातच आली. दुसरी अशी, की सा-रे-ग-म आणि प-ध-नी-सा हे दोन्ही तुकडे अंतरांच्या दृष्टीने हुबेहूब सारखे आहेत. गायनाच्या क्लासमधून आलेल्या मुलीला पूर्वांग आणि उत्तरांग या संज्ञा ठाऊक असतील; त्या तिला इथे पडद्यांवर अक्षरशः मोजून दाखवता येतात.

आता मोड. मेजर स्केल म्हणजे शुद्ध स्वरांचा बिलावल थाट. त्यातला म पाचव्या पडद्यावरून सहाव्यावर नेला, म्हणजे तीव्र केला, की कल्याण होतो, आणि पाश्चात्त्य परिभाषेत तीच लिडियन. पुन्हा बिलावलवर येऊन नी अकराव्याऐवजी दहाव्या पडद्यावर घेतला की खमाज, म्हणजे मिक्सोलिडियन. खमाजातला गंधारही कोमल करून तिसऱ्या पडद्यावर आणला की काफी, म्हणजे डोरियन. त्यात धैवत कोमल करून आठव्यावर घेतला की आसावरी, म्हणजे नॅचरल मायनर किंवा एओलियन. आणि शेवटी ऋषभही पहिल्या पडद्यावर उतरवला की भैरवी, म्हणजे फ्रिजियन. प्रत्येक पायरीला फक्त एक बोट एक पडदा सरकते, आणि त्या एका बदलाने सगळा रंग कसा पालटतो हे मुलांना ऐकू येते. सातवा मोड लोक्रियन. त्यात पंचमच एक पडदा खाली येतो, आणि आपल्याकडे पंचम अचल असल्यामुळे त्याच्या जोडीचा थाट नाही. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार या सात मोडमध्ये बसत नाहीत, पण त्याच तारेवर तेही तितक्याच सहज वाजवता येतात. थोडक्यात, त्या विद्यार्थिनीला मोड नव्याने शिकवायला नकोत, तिला ते आधीच येतात. उरलेल्या दोघांना मात्र नावे आत्ताच सांगू नयेत. आधी काफीचा आणि आसावरीचा फरक त्यांना गाऊन दाखवता यावा, मग ग्रीक नावे हवी तेवढी सांगावीत.

सरगम की अक्षरे, हा वाद मला कृत्रिम वाटतो, कारण दोहोंचे काम वेगळे आहे. सरगम स्वराचे ‘सा’शी असलेले नाते सांगते आणि अक्षर त्या स्वराची ठरलेली उंची सांगते. ‘माझी पट्टी काळी चार’ असे गायक हार्मोनियमवाल्याला सांगतो, तेव्हा तो अक्षराचेच काम करत असतो. काळी चार म्हणजे जी शार्प, पांढरी एक म्हणजे सी, पांढरी सहा म्हणजे ए, एवढा तक्ता तिला लिहून द्यावा. गिटारवर कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चाप) लावणे म्हणजे पट्टी बदलणे, हेही त्याच ओघात सांगता येईल: दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून डीच्या आकाराच्या कॉर्ड धरल्या की बोटांचे नाते तेच राहते, पण ऐकू येते ती ई, म्हणजे पांढरी तीन.

एका तारेवरून शेजारच्या तारांवर जाताना एकच नियम लक्षात ठेवावा लागतो. जाडीकडून बारकीकडे जाताना प्रत्येक तार आधीच्या तारेहून पाच पडद्यांनी, म्हणजे मध्यमाने उंच असते. म्हणून ज्या पडद्यावर सा असेल, त्याच पडद्यावर पुढच्या तारेवर म मिळतो आणि त्यापुढे दोन पडद्यांवर प. पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर सी धरला, तर चौथ्या तारेच्या तिसऱ्यावर एफ आणि पाचव्यावर जी, असे ते जमते. अपवाद तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेमधला. तिथे अंतर चार पडद्यांचे, म्हणजे शुद्ध गंधाराचे आहे; म्हणून त्या जागी प्रत्येक साचा एका पडद्याने पुढे सरकतो, आणि मुलांना बॉक्स वाकडेतिकडे दिसतात ते याचमुळे. सगळ्या तारा मध्यमानेच लावल्या असत्या तर त्या ई, ए, डी, जी, सी, एफ अशा झाल्या असत्या आणि नेहमीच्या मोकळ्या व बॅरे (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरलेल्या) कॉर्डचे सोपे आकार मिळाले नसते. मधले एक अंतर कमी केल्यामुळे सहावी आणि पहिली या दोन्ही तारा ई राहतात. सहाव्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ८२.४ आणि पहिलीची त्याच्या चौपट, म्हणजे ३२९.६.

कॉर्डचा संबंध स्केल एका तारेवर येऊ लागली त्याच आठवड्यात जोडावा, उशीर करू नये. बिलावलातील कोणत्याही स्वरावर उभे राहून एक सोडून एक असे तीन स्वर उचलले की कॉर्ड तयार होते. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे या तीन मेजर येतात, कारण तिथे आधी चार आणि मग तीन पडद्यांचे अंतर पडते. रे-म-ध, ग-प-नी आणि ध-सा-ग या तिन्हींत तो क्रम उलटा, आधी तीन आणि मग चार असा असल्यामुळे त्या मायनर होतात. नी-रे-म मध्ये दोन्ही अंतरे तीन-तीन पडद्यांची, म्हणून ती डिमिनिश्ड. ‘सा’ डी असेल तर याच कॉर्ड अनुक्रमे डी, जी, ए; ई मायनर, एफ शार्प मायनर, बी मायनर; आणि सी शार्प डिमिनिश्ड अशा होतात. तुमच्या विद्यार्थ्यांनी या कॉर्ड गाण्यांत वाजवल्याच असतील; त्या एकाच कुटुंबातल्या का, हे त्यांना पहिल्यांदा कळेल.

आरतीला साथ शोधताना मग ‘कोणती कॉर्ड’ असा मोघम प्रश्न उरत नाही. चाल ज्या स्वरावर थांबली, तो स्वर ज्या कॉर्डमध्ये आहे अशा तीनच कॉर्ड असतात, आणि त्या तिन्ही वाजवून कान निवाडा देतो. चाल ‘सा’वर येऊन संपण्याआधी बहुधा पंचमाची कॉर्ड बरी वाटते, तिच्यात नी असतो आणि तो ‘सा’पासून एकाच पडद्यावर उभा असल्यामुळे वर जायला अधीर असतो. त्याच कॉर्डमध्ये म मिळवून ए सेव्हन वाजवली, तर म-नी ही ताणलेली जोडी तयार होते, आणि म खाली ‘ग’वर तर नी वर ‘सा’वर सुटला की डी कॉर्ड येते. हा ताण आणि सुटका मुलांना दोनच तारांवर वाजवून दाखवावी. पाश्चात्त्य हार्मनीचा फार मोठा भाग या एका हालचालीवर उभा आहे.

ऋषभ कोमल

वरील उत्तर उपयुक्त आहे. तरीही गायनाच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात, कारण त्या सांगितल्या नाहीत तर त्या विद्यार्थिनीचा गोंधळ वाढेल.

थाट आणि मोड यांचे स्वर जुळतात एवढ्यावरून राग जुळला असे होत नाही. भूप आणि देशकार या दोहोंत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. परंतु भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार आणि संवादी (त्याखालोखालचा स्वर) धैवत, तर देशकाराचा वादी धैवत आणि संवादी गंधार. एक पूर्वांगात रमतो, दुसरा उत्तरांगात. गिटारवर मेजर पेंटाटॉनिकचा बॉक्स वर-खाली फिरवून ‘मी भूप वाजवला’ असे मुलांनी म्हणू नये, एवढी काळजी शिकवणाऱ्याने घ्यायला हवी. न्यास (थांबण्याचा स्वर) कुठे, कोणत्या स्वरावरून कोणत्या स्वरावर कसे जायचे, हे साच्यात नसते. थाट ही वर्गीकरणाची सोय आहे आणि इथे तिचा उपयोग तेवढ्यापुरताच करावा.

दुसरी गोष्ट स्वरस्थानांची. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. प्रत्येक पडद्यागणिक कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पट होत जाते आणि बाराव्या पडद्यावर बरोबर दुप्पट होते. तानपुऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार ‘सा’च्या सव्वापट असतो. ६५ सेंटिमीटर लांबीची तार घेतली, तर हा गंधार वरच्या हाडापासून (तारेच्या मोकळ्या भागाच्या वरच्या टोकापासून) बरोबर १३ सेंटिमीटरवर यायला हवा. पण चौथा पडदा प्रत्यक्षात सुमारे १३.४ सेंटिमीटरवर असतो. ते ४ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १४ सेंट (सेंट म्हणजे एका पडद्याच्या अंतराचा शंभरावा भाग), आणि तितका तो गंधार चढा वाजतो. पंचमाच्या बाबतीत हाच फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्याने तो जाणवत नाही. तानपुरा लावून चौथी तार वाजवताना ती मुलगी ‘ग बरोबर लागत नाही’ अशी तक्रार करण्याची शक्यता आहे. तसे झाले तर तिला गप्प न करता फूटपट्टी हातात द्यावी. तिचा कान बरोबर सांगत असतो, आणि पडदेही आपल्या जागी बरोबर असतात, कारण बाराही पट्ट्यांत सारख्याच कॉर्ड वाजाव्यात यासाठी ती तडजोड केलेली आहे.

याच कारणाने, मोकळी जी कॉर्ड गोड लागावी म्हणून दुसरी तार कानाने किंचित उतरवली, तर ई कॉर्डमध्ये तीच तार पंचमाची असल्यामुळे बेसूर होते. मुलांना ट्यूनर वापरू द्यावा. दरबारीच्या आंदोलित कोमल गंधारासारख्या जागा तर कोणत्याच पडद्यावर सापडणार नाहीत. तार बाजूला ओढून स्वर फक्त चढवता येतो, म्हणून उतरती मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) घ्यायची तर तार आधी ओढून ठेवून मग छेडावी लागते आणि सावकाश सोडावी लागते. पंडित विश्वमोहन भट्ट यांच्यासारख्यांनी पडद्यांवर बोटे न दाबता तारेवरून लोखंडी दांडी सरकवण्याचा मार्ग धरला, तो काही हौसेखातर नव्हे.

सहावी तार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चौथ्या तारेचा प्रयोग लगेच सुरू करत आहे. दोन शंका राहिल्या. मुलांनी पेंटाटॉनिकचे जे पाच बॉक्स पाठ केले आहेत, ते आता विसरायला सांगायचे का? आणि सी मेजर व ए मायनर यांचे स्वर तेच आहेत असे सगळीकडे लिहिलेले असते. ते तेच असतील तर दोन नावे कशासाठी, असे मुले विचारतात, तेव्हा त्यांना पटेल असे उत्तर कसे द्यावे?

पांढरी चार

विसरायला मुळीच सांगू नका. त्याच पाच बॉक्समध्ये तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आहे.

पाचव्या पडद्यापासून सुरू होणारा पहिला बॉक्स घ्या. सहाव्या तारेवर पाच आणि आठ, पाचव्या, चौथ्या व तिसऱ्या तारेवर पाच आणि सात, दुसऱ्या व पहिल्या तारेवर पुन्हा पाच आणि आठ. तुम्ही स्वतः खाली ए मायनर कॉर्ड सावकाश वाजवत राहा आणि मुलाला सांगा, की कुठेही फिर, पण वाक्य संपवताना सहाव्या तारेचा पाचवा, चौथ्याचा सातवा किंवा पहिल्याचा पाचवा पडदा यांपैकी एकावर थांब. ही तिन्ही ए स्वराची ठिकाणे आहेत. ऐकू येईल ते सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानीचे स्वर. मग काही न सांगता तुम्ही सी मेजर कॉर्ड सुरू करा आणि मुलाला थांबण्याची ठिकाणे बदलून द्या: सहाव्या तारेचा आठवा पडदा, तिसरीचा पाचवा, पहिलीचा आठवा. बोटे तीच, पडदे तेच, आणि ऐकू येतात ते भूपाचे स्वर. नाव दोन का, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘सा’ हलला की नाते बदलते. आपल्याकडे यालाच मूर्च्छना म्हणतात.

ही खेळी पुढे नेली तर पाचही बॉक्सचा उलगडा होतो. भूपाच्या ऋषभाला ‘सा’ मानले की मध्यमाद सारंगाचे किंवा मेघाचे स्वर मिळतात, गंधाराला मानले की मालकंसाचे, पंचमाला मानले की दुर्गेचे आणि धैवताला मानले की धानीचे. वरच्या सदस्यांनी राग आणि स्वरसमूह यांतला जो फरक सांगितला, तो इथेही लागू आहेच. मी फक्त स्वरांविषयी बोलतो आहे. या पाचही समूहांत लगतचे एकपडदी अंतर कुठेच येत नाही, म्हणून नवशिक्याच्या हातून पेंटाटॉनिकमध्ये कर्कश काही सहसा निघत नाही. तिची लोकप्रियता बरीचशी त्यातच आहे, आणि मुले तिच्यातून बाहेर पडायला तयार नसतात तेही त्यामुळेच. म्हणून भूपाच्या समूहात म आणि नी हे दोन वर्ज्य स्वर मुलांना एकेक करून स्वतः भरायला लावावेत. म्हणजे मेजर स्केलचा बॉक्स पाठ करावा लागत नाही, तो त्यांच्या हातून तयार होतो.

ए मायनरच्या संदर्भात एक पुस्ती जोडतो. मायनर गाण्यांत ई मायनरऐवजी ई मेजर कॉर्ड वारंवार येते आणि मुलांना ती स्केलच्या बाहेरची वाटते. ‘सा’ ए असताना तिच्यातला जी शार्प हा शुद्ध निषाद असतो. आधी सांगितलेली ‘सा’कडची ओढ कोमल निषादाला तितकी नसते, म्हणून तो एक स्वर चढवून घेतला जातो. अशी जी स्केल बनते तिला हार्मोनिक मायनर म्हणतात आणि आपल्याकडे किरवाणीचे स्वर तेच आहेत. ब्लूजमध्ये मेजर कॉर्डवर कोमल गंधार वाजवला जातो आणि तो शुद्ध गंधाराच्या दिशेने थोडासा ओढला जातो, ते प्रकरण निराळे आहे. मुलांना ते नियम म्हणून शिकवण्याआधी भरपूर ऐकवावे.

मांडवीकाठ

नोटेशन आणि परीक्षा यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून गोव्याहून थोडे. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर पाहून गाणे, आणि त्यासोबत बहुधा व्हायोलिन शिकवण्याची परंपरा होती. वाद्य हातात येण्याआधी कागदावरचा स्वर गळ्यातून काढता यावा, अशी ती शिस्त. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक आणि अरेंजर इतक्या मोठ्या संख्येने होते, त्याचे एक प्रमुख कारण हे वाचन होते. आधी गा आणि मग वाजव, हा जो आग्रह वर धरला आहे, तो या परंपरेलाही मान्यच आहे. फक्त एक सावधगिरी बाळगावी. पोर्तुगीज पद्धतीत ‘दो’ म्हणजे कायम सी, तो आपल्या ‘सा’सारखा हलत नाही. दो-रे-मी म्हणजेच सा-रे-ग असे सरसकट सांगितले, तर या पद्धतीने शिकलेल्या मुलांची पंचाईत होते.

गिटारवर वाचन पियानोपेक्षा अवघड जाते, याची पालकांनाही कल्पना द्यावी. मोकळ्या पहिल्या तारेचा ई हाच स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्याच्या नवव्या आणि चौथ्याच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. कागदावर मात्र त्याचे चिन्ह एकच. कोणती जागा घ्यायची हे वादकाने आधीचे-पुढचे स्वर पाहून ठरवायचे असते. शिवाय गिटारचे स्वर वाजतात त्यापेक्षा एक सप्तक वर लिहिलेले असतात, म्हणून पियानोवाल्या मित्राबरोबर एकच कागद वाजवला तर दोघे वेगळ्या सप्तकात निघतात. टॅबमध्ये (तार आणि पडदा आकड्यांनी दाखवणाऱ्या लेखनात) जागा नेमकी कळते, पण स्वराचे नाव कळत नाही आणि साध्या टॅबमध्ये कालावधीही कळत नाही. व्हिडिओ आणि टॅब यांवर वाढलेली मुले लयीत कच्ची राहतात त्याचे कारण तेच. म्हणून वाचनाची सुरुवात लयीपासून करावी. एकाच मोकळ्या तारेवर पूर्ण, अर्धी, पाव आणि अष्टमांश मात्रेची चिन्हे, टाळी देत आणि तोंडाने मोजत वाचून घ्यावीत. मग पहिल्या तीन तारांवरचे मोकळे स्वर आणि पहिले तीन पडदे, एवढ्यावरच बराच काळ काम करावे.

परीक्षा वाईट नाहीत. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल यांच्या परीक्षा भारतात होतात, त्यांत प्रारंभिक पातळीपासून आठव्या ग्रेडपर्यंत चढती रचना आहे, आणि वेळापत्रकामुळे मुले नियमित बसतात. क्लासिकल गिटारचा अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर नायलॉनच्या तारांचे वाद्य आणि पूर्ण नोटेशन हवे. रॉकस्कूलच्या पुस्तकांत नोटेशनखाली टॅबही छापलेली असते. अडचण होते ती परीक्षेपुरत्या स्केल घोकल्या जातात तेव्हा. परीक्षेची स्केल घ्यावी, पण ती मुलाला वेगळ्या स्वरापासून सुरू करता येते का, तिच्यातल्या तीन कॉर्ड सांगता येतात का, हे शिकवणाऱ्याने स्वतः पाहावे. परीक्षक ते विचारेलच असे नाही.

सहावी तार

फार उपयुक्त माहिती मिळाली. एकच व्यावहारिक अडचण सांगतो. सर्वांत लहान विद्यार्थ्याची बोटे पुरत नाहीत. चौथ्या तारेवर खालच्या पडद्यांशी रे आणि ग घेताना त्याला फार ताणावे लागते आणि पोलादी तारा दाबताना बोटे दुखतात. त्याच्यासाठी काही वेगळे करता येईल का?

पांढरी चार

एका तारेवर वाजवताना बोटे ताणण्याची गरजच नाही. त्याला पहिले काही आठवडे फक्त तर्जनीने, हात सरकवत वाजवू द्या. सतारीवर हात असाच पडद्यांवरून सरकतो. तरीही त्रास होत असेल तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावा. ‘सा’ पांढरी तीन होईल, पाचवी तार मंद्र पंचमच राहील, तार सा चौदाव्या पडद्यावर येईल आणि नेहमीच्या अकूस्टिक गिटारवर तो हाताशी असतो. त्याहून वर कॅपो नेऊ नका, कारण मग तार सा गिटारच्या पोटावर जाईल आणि लहान हाताला तिथे पोहोचता येणार नाही. ६५ सेंटिमीटरच्या तारेवर पहिले घर (दोन पडद्यांमधली जागा) ३.६ सेंटिमीटरहून थोडे मोठे आणि पाचवे सुमारे २.९ असते, त्यामुळे दोन घरे वगळल्यानेही हाताला फरक कळतो. तारा हलक्या जाडीच्या लावा, किंवा त्याच्या पालकांना नायलॉनच्या तारांची तीन-चतुर्थांश मापाची गिटार घ्यायला सांगा. नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा मात्र चढवू नका. तो ताण तिला सोसत नाही आणि तारा अडकवलेला पूल (ब्रिज) उखडतो.